आधी बोट घाला, मग तांब्या उचला

यावेळी सदराकडे आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, कुंडीला पाणी कधी द्यायचं. साहजिकच आहे म्हणा, चैत्र लागला, जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीच्या वर गेला की माणसाला जशी तहान लागते तशी झाडालाही लागत असेल असं समजून जो तो तांब्या घेऊन धावतो. म्हणून गुलाबाची छाटणी आणि मिलीबगवाले प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त पाणी.

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमच्या गच्चीवर वीसेक कुंड्या आहेत. मी रोज सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या असं नेमाने पाणी टाकते, एक दिवस चुकवत नाही. तरी तुळशीची खालची पानं पिवळी पडून गळताहेत, मनी प्लांटचं पण तेच. वरची माती तर कोरडी दिसते. सासूबाई म्हणतात, "पानी टाकी टाकीसन तू झाड मारी टाकं." मला वाटतं पाणी कमी पडतंय. दिवसातून किती वेळा टाकायचं ते एकदा फिक्स सांगा म्हणजे वाद मिटेल. — एक गृहिणी, जळगाव

उत्तर : ताई, राग मानू नका पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला सासूबाईंचं पारडं जड वाटतंय. खालची पानं पिवळी, मऊ, लगेच गळणारी, हे बहुतेक वेळा जास्त पाण्याचं लक्षण असतं. पाणी कमी पडलं की पानाच्या कडा आधी तपकिरी होतात, कुरकुरीत वाळतात, पान हातात चुरगळलं तर चुरा होतो. अर्थात नुसत्या पानावरून निकाल देऊ नका, कारण मुळं सडली तरी झाड सुकल्यासारखंच दिसतं, सडलेल्या मुळाला पाणी ओढताच येत नाही, मग आपण म्हणतो अरे हे तर सुकलं आणि अजून एक तांब्या ओततो, आणि तिथेच खेळ संपतो.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते हे आपल्या डोक्यात बसत नाही. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यातून मुळं श्वास घेतात, आणि त्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या तर ऑक्सिजन पोचत नाही, कारण हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणजे रोज दोनदा पाणी घालून तुम्ही झाडाला पाजत नाही आहात, त्याचा जीव कोंडताय.

"वरची माती कोरडी दिसते" यावर अजिबात विश्वास ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात वरचा अर्धा इंच थर दोन तासात पांढरा पडतो, खाली चिखल असला तरी. त्यातून नर्सरीवाल्याने कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून दिलेलं असेल तर ते वरून फिकट आणि आतून गच्च ओलं असं हमखास असतं. म्हणून सकाळी चहा झाला की गच्चीवर जा आणि कुंडीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण दोन इंच. बोटाला गार लागलं, माती चिकटून आली तर त्या दिवशी त्या कुंडीला पाणी नाही. कोरडं लागलं तर मग पाणी, आणि ते एक तांब्या मोजून नाही, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. थोडं थोडं पाणी रोज दिलं की नुसता वरचा थर भिजतो, मुळं वरवरच राहतात आणि अशी वरची मुळं उन्हाचा पहिला चटका खातात.

बोट खराब करायचं नसेल तर उदबत्तीची उरलेली बांबूची काडी खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा, काडी ओली आणि माती लागलेली आली तर थांबा. मोठ्या खोल कुंडीला तर काडीच बरी, बोट तिथे पुरत नाही. लहान कुंडी असेल तर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे उचलून बघणं. भरपूर पाणी देऊन निथळलं की एकदा उचला, वजन हाताला लक्षात ठेवा, मग रोज जाता येता उचलत राहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, ते कमी झालेलं हाताला कळतंच, काही दिवसात तर न उचलता नुसतं कडेला ढकलून पण कळायला लागतं. मातीची कुंडी असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा, माठ घेताना आपण वाजवतो ना तसं, कोरडी असेल तर खणखणीत वाजते, ओली असेल तर बद्द.

आणि दिवसातून किती वेळा हे फिक्स सांगा म्हणालात, ते मी सांगणार नाही, कारण ते कोणीच सांगू शकत नाही. तीच तुळस मातीच्या लहान कुंडीत, मे महिन्यात, पश्चिमेच्या गच्चीवर दिवसातून दोनदा पाणी मागेल आणि जानेवारीत चार दिवस मागणार नाही. मनी प्लांट घरात असेल तर आत्ता उन्हाळ्यात सुद्धा दोन-तीन दिवस सहज काढतो. वीस कुंड्यांना वीस वेगळी उत्तरं येतील, येऊ द्या. आत्ता मात्र दोन्ही झाडांचं पाणी माती बोटाला कोरडी लागेपर्यंत बंद ठेवा, कुंडीखाली डिश असेल तर काढून टाका, आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडत चला, बी धरलं की ती तशीही थकते, मग तो दोष पाण्यावर जायला नको.

प्रश्न : दुपारी बारा-एकला जास्वंद आणि मिरचीची पानं एकदम मान टाकतात. बघवत नाही. लगेच पाणी द्यावं का? शेजारी म्हणतात भर उन्हात पाणी दिलं तर पानावरचे थेंब भिंगासारखे तापून पानं जळतात. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, भुसावळची दुपार म्हणजे माणूस पण मान टाकतो. त्या वेळी पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर पाठवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. म्हणून दुपारच्या पानाला विचारू नका, संध्याकाळी सात वाजता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बघा. संध्याकाळपर्यंत पानं आपोआप उभी राहिली तर झाडाला काही झालेलं नाही. सकाळच्या गारव्यात सुद्धा लोळलेली असतील तर मात्र काहीतरी गडबड आहे, बोट घाला, कोरडं असेल तर पाणी द्या, आणि ओलं असून लोळलंय तर मुळं तपासा.

दुपारचं तात्पुरतं सुकणं आणि खरं सुकणं, हा फरक फार पूर्वीपासून माहीत आहे. १९१२ साली अमेरिकेत ब्रिग्ज आणि शांट्झ या दोन शास्त्रज्ञांनी याच गोष्टीवर काम केलं, सुकलेलं झाड अगदी दमट हवेत ठेवलं आणि पाणी न घालता ते सावरलं तर ते खरं सुकणं नाही, नाही सावरलं तर मातीतलं झाडाच्या उपयोगाचं पाणी संपलं, असं त्यांनी धरलं. गंमत म्हणजे त्यांना असं आढळलं की एकाच मातीत वेगवेगळी झाडं जवळपास सारख्याच ओलीला सुकतात, म्हणजे हा आकडा झाडापेक्षा मातीवर जास्त ठरतो. याचा उपयोग पुढच्या शिरपूरच्या प्रश्नात होणार आहे, तो पण वाचा.

थेंबांचं म्हणाल तर गुळगुळीत पानावर पाण्याच्या थेंबाने पान जळत नाही, हंगेरीतल्या संशोधकांनी हे नीट तपासून २०१० मध्ये छापलंय, लव असलेल्या पानावर थेंब केसांवर अधांतरी राहिला तर थोडी शक्यता असते इतकंच. पण शेजाऱ्यांचा सल्ला दुसऱ्या कारणाने बरोबर आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, ते मुळांवर गेलं तर खरंच वाट लागते. द्यायचंच असेल तर पाइपातलं तापलेलं पाणी आधी बादलीत सोडून द्या आणि माठाशेजारच्या पिंपातलं गार पाणी वापरा. शिवाय काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात आतून भट्टी होतात, त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा नाहीतर मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा, पाण्याची अर्धी कटकट तिथेच कमी होते.

प्रश्न : भाऊ मी शेतकरी आहे, पंधरा एकर कापूस-केळी सांभाळतो पण घरच्या चार कुंड्या सांभाळता येत नाहीत, बायको हसते. शेतातली चांगली काळी माती आणून भरली आहे. पाणी टाकलं की दोन मिनिटात खालून निघून जातं, तरी झाडं सुकलेलीच. मग पाणी जातं कुठे? — एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : पाणी कुंडीच्या कडेने जातं दादा. तुमच्याच शेतात मे महिन्यात ज्या भेगा पडतात, ज्यात पाय मुरगळतो, तीच गोष्ट कुंडीत होतेय. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि कुंडीत आकसली की तिचा एक टणक गठ्ठा होऊन कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. वरून टाकलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, गठ्ठ्याच्या आत थेंब नाही. आपल्याला वाटतं खालून पाणी आलं म्हणजे पोट भरलं. काडी मधोमध खुपसून बघा, जाणारच नाही इतकं टणक असेल.

आज करायचं काम म्हणजे कुंडी टबात किंवा घमेल्यात ठेवा, पाणी कुंडीच्या निम्म्यापर्यंत भरा, आणि तास-दीड तास तशीच सोडा, खालून ओल चढेल आणि माती परत फुगून फट बुजेल. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. सुकलेलं कोकोपीट पण असंच करतं बरं का, एकदा ठणठणीत वाळलं की पाणी घेतच नाही, त्यालाही हाच उपाय.

आता ओळखायचं कसं, तर काळ्या मातीत बोट फसवतं. वाळूत दोन-चार टक्के ओल उरली की झाड सुकतं, पण चिकण काळ्या मातीत वीस-पंचवीस टक्के ओल असतानाच झाडाला ती ओढता येत नाही, इतकी ती कणांना धरून बसलेली असते. म्हणजे बोटाला किंचित दमट लागतंय आणि झाड उपाशी, असं होऊ शकतं. तुम्ही शेतात वापसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल, कसा बघता? मूठभर माती घेऊन दाबता, बरोबर? कुंडीतही तेच करा, दोन इंच खालची चिमूटभर माती काढा, गोळी वळा. गोळी चकाकून हाताला माखली तर पाणी नको, गोळी वळली पण दाबल्यावर फुटली तर आता द्या, गोळीच वळत नसेल तर कालच द्यायला हवं होतं. ही परीक्षा तुम्हाला बायकोपेक्षा चांगली जमेल, तेवढाच हिशोब बरोबर.

आणि पावसाळ्याआधी माती बदला. नुसती काळी माती कुंडीत कधीच नको, शेतात ती खाली कितीतरी फूट खोल असते, कुंडीत तिला जागाच नाही. एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, असं साधं मिश्रण करा. वर केळीच्या वाळलेल्या पानांचा किंवा सोयाबीनच्या कुटाराचा दोन बोटं जाड थर टाका, तुमच्याकडे त्याला काय तोटा, ओल टिकते आणि भेगाही कमी पडतात.

प्रश्न : मुलाने ऑनलाइन मॉइश्चर मीटर मागवून दिला. एकाच कुंडीत एकदा "वेट" दाखवतो, जरा बाजूला खुपसला की "ड्राय". फेकून देऊ का? — एक वाचक, धुळे

उत्तर : फेकू नका, पण त्याच्या भरवशावर पण राहू नका. या स्वस्त मीटरच्या टोकाला दोन वेगवेगळे धातू असतात, ओलाव्यात त्यांच्यात अगदी बारीक वीज तयार होते आणि काटा हलतो. म्हणजे तो थेट पाणी मोजत नाही, वीज किती वाहते ते दाखवतो, आणि मातीत खतं-क्षार जास्त असले की वीज जास्त वाहते, मीटर म्हणतो वेट. उलट कोकोपीट भुसभुशीत असलं की टोकाला नीट चिकटत नाही, ओलं असून मीटर म्हणतो ड्राय. तुम्हाला वापरायचाच असेल तर एकाच कुंडीत दोन-तीन ठिकाणी खुपसा, शेजारी काडी पण खुपसा, आठवडाभरात तुमच्या मातीत मीटरचा कितवा आकडा म्हणजे खरं कोरडं ते कळेल. झालं की पुसून ठेवा, मातीत रोवून ठेवला तर टोक गंजतं.

ड्रिपवाल्या केळीच्या बागेत लावतात तो टेन्सिओमीटर वेगळा, त्याच्या खाली मातीचा सच्छिद्र कप असतो, नळीत पाणी भरलेलं असतं आणि कोरडी माती ते पाणी किती जोराने ओढते ते वरचा गेज सांगतो. ते यंत्र मुळांना लागणारा जोर मोजतं म्हणून भरवशाचं, पण चार कुंड्यांसाठी ते घेणं म्हणजे अतीच.

प्रश्न : आमच्याकडे आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरमधलं जुनं पाणी मी झाडांना टाकते, वाया कशाला घालवायचं. पण कुंड्यांवर पांढरा थर आलाय आणि पाणी देऊनही पानांची टोकं जळल्यासारखी होतात. — एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : ताई, पाणी वाचवायचा विचार चांगला आहे पण हे पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा. आरओ जे बाहेर टाकतो त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी मुळातच जड. कूलरचं तर त्याहून वाईट, पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत राहतात, आपण वरून भर घालतो, परत पाणी उडतं, क्षार साठतच जातात. असं पाणी मातीत गेलं की ओल असूनही मुळांना ती ओढायला जड जातं, म्हणून पानांची टोकं जळतात आणि आपल्याला वाटतं तहान लागली. उपाय म्हणजे एकदा साध्या नळाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढा, खालून पाणी वाहू द्या, अर्ध्या तासाने परत एकदा. पावसाळ्यात तर सगळ्या कुंड्या पहिले चार-पाच पाऊस उघड्यावर खाऊ द्या. एसीच्या पाइपातून ठिबकतं ते पाणी मात्र चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात, नळाच्या पाण्यात मिसळून टाका.

प्रश्न : घरातलं स्नेक प्लांट आणि झेडझेड बुडातून सडलं. गच्चीवरच्या अडेनियमची पानं थंडीत गळाली म्हणून पाणी वाढवलं तर तेही मऊ पडलं. — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : ही तिन्ही झाडं पाणी स्वतःच्या अंगात साठवतात, स्नेक प्लांट पानात, झेडझेड जमिनीखालच्या गड्ड्यात आणि अडेनियम बुंध्यात. यांना दोन इंचाचा नियम लावायचा नाही, काडी अगदी बुडापर्यंत कोरडी आली की मगच पाणी. अडेनियमला बुंधा दाबून बघा, दगडासारखा टणक असेल तर पोट भरलेलं आहे, किंचित दबला आणि माती कोरडी असेल तर पाणी मागतोय, माती ओली असून मऊ असेल तर सड. थंडीत त्याची पानं गळणं ही त्याची झोप आहे, आपल्याकडे जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो, तेव्हा पाणी जवळपास बंदच ठेवायचं, नवीन पालवी फुटली की परत सुरू.

प्रश्न : आखाजीला आठ दिवस माहेरी जायचंय. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, शेजारणीला तरी कुठल्या तोंडाने सांगू? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : सांगूच नका. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या काठोकाठ भिजवा, निथळू द्या, आणि उचलून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, वर पालापाचोळ्याचा थर टाका. नुसतं उन्हातून हलवलं तरी पाण्याची गरज एकदम खाली येते. ज्यांना रोज लागतं, तुळस, मोगरा, कढीपत्ता, त्यांच्यामध्ये पाण्याची बादली ठेवा, कुंडीपेक्षा जराशी उंच, आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा सुती नाडा आधी पूर्ण ओला करून एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीत चार बोटं खोल पुरा. नायलॉनची दोरी नको, ती पाणी ओढत नाही. बादलीवर झाकण किंवा फडकं ठेवा. हे जायच्या चार दिवस आधी करून बघा म्हणजे बादली किती दिवस पुरते ते कळेल. जेड, कोरफड, निवडुंग यांच्याकडे बघू पण नका, आठ दिवस त्यांना काही होत नाही.

प्रश्न : कुंडीच्या तळाशी खडी घातली की जास्त पाणी झालं तरी चालतं, हे खरं का? — एक वाचक, रावेर

उत्तर : नाही. भिजवलेला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की तो उभा करा, परत गळायला लागेल. उंची वाढली की वरचं पाणी निघून जातं, पण तळाच्या थोड्या उंचीत ते अडकूनच राहतं. कुंडीतही तसंच, ते खाली बारीक खडी असली तरी तिच्यात सहज उतरत नाही, मातीतच वर अडकतं. खडी घातल्याने तो ओला थर मुळांच्या अजून जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी, बाकी सगळी माती.

प्रश्न : पावसाळ्यात कुंड्यांना पाणी द्यायचं की नाही? आत्ताच विचारून ठेवतो. — एक वाचक, पाचोरा

उत्तर : द्यावं लागतं, आणि लोक तिथेच विसरतात. भुरभुर पावसाने नुसती वरची माती ओली होते, छज्ज्याखालच्या कुंडीला तर तेवढंही मिळत नाही, आणि दाट पानांच्या झाडावर पडलेला पाऊस बराचसा कुंडीच्या बाहेर ओघळतो. त्यात आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की ऊन परत तसंच. तेव्हा चार थेंब पडले म्हणून बोट घालायचं सोडू नका. कुंड्यांखालच्या डिश मात्र मृग लागायच्या आत काढून ठेवा, मुळंही सडतात आणि त्यात डासही होतात.